हक्काचे तिकीट

सुस्थितीतील व्यापारी कुटुंबांत एसटीच्या सवलतीविषयी एक संकोच आढळतो. ‘आपल्याला काय कमी आहे? फुकटचा प्रवास कशाला?’ असे घरातील ज्येष्ठच म्हणतात. त्यामागील स्वाभिमान आदरणीय आहे. हिशेब मात्र चुकीचा आहे.

महाराष्ट्रात ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांचा राज्याच्या हद्दीतील प्रवास विनामूल्य आहे. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धेच भाडे पडते. या सवलतींची रक्कम राज्य शासन महामंडळाला देते. म्हणूनच विनामूल्य प्रवाशालाही वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. ते अवश्य मागून घ्यावे. महामंडळाच्या येण्याची ती नोंद आहे. आपण ज्या तिजोरीत आयुष्यभर कर भरला, तिच्यातूनच ही रक्कम जाते. याला दान म्हणता येणार नाही.

खरा प्रश्न पैशांचा नाहीच. घरी मोटार असते. पण ती केव्हा निघणार, हे मुलाच्या दुकानाच्या वेळेवर ठरते. बहिणीला भेटायचे तर रविवारची वाट पाहावी लागते. अशा वाट पाहण्यातच अनेकांचे जाणे-येणे हळूहळू थांबते. पाय चालते आहेत तोवर आधारकार्ड किंवा मतदार ओळखपत्र खिशात ठेवावे आणि मन होईल त्या दिवशी निघावे. मुलांनी अडवू नये, स्थानकापर्यंत सोडावे.