भुताच्या सणाचा पौष्टिक खाऊ

मागच्या भागानंतर एका आजींचा आम्हाला फोन आला. त्यांची लेक अमेरिकेत असते. व्हिडिओ कॉलवर पाच वर्षांचा नातू पांढरी चादर पांघरून भूत झालेला दिसला, हातात चॉकलेटांनी भरलेली बादली. आजी म्हणाल्या, "हे कसलं गं खूळ? आणि एवढं गोड त्या पोराच्या पोटात गेलं तर?" पहिला प्रश्न कुतूहलाचा, दुसरा काळजीचा. आज दोन्हींबद्दल बोलू या.

या सणाचं नाव हॅलोविन. तो दरवर्षी ३१ ऑक्टोबरला येतो. मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचं. सुगी संपून थंडीचे दिवस लागले, की त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी तिथली जुनी समजूत. आपल्याकडे पितृपक्षात पितर घरी येतात असं मानतात ना, तसंच काहीसं. आयर्लंडमध्ये लोक सलगमाचा कंद कोरून त्यात दिवा ठेवायचे. तिथली माणसं अमेरिकेत जाऊन राहिली, तिथे लाल भोपळा भरपूर पिकायचा, मग भोपळाच कोरू लागली. आता त्या संध्याकाळी मुलं भूत, चेटकीण अशी सोंगं घेऊन दारोदार जातात आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणतात. म्हणजे, खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू! शेजारीपाजारी हातावर गोळ्या-चॉकलेटं ठेवतात.

खरी अडचण इथेच आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेचं, म्हणजे अमेरिकन हार्ट असोसिएशनचं सांगणं असं, की दोन वर्षांवरच्या मुलाच्या पोटात दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी. म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. दोन वर्षांखालच्या बाळाला तर ती मुळीच नको. पाच-सहा चॉकलेटं खाल्ली तरी ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

मग तिथल्या आया काय करतात? सण बंद करत नाहीत, कारण मुलांची मजा त्यात आहे. मुलांना बाहेर सोडण्याआधी त्या पोटभर जेवू घालतात, म्हणजे गोळ्यांवर हात कमी पडतो. आणि घरच्या, शाळेच्या खाऊलाच भुताचं सोंग देतात.

केळं सोलून मधोमध आडवं कापायचं. अर्धा तुकडा ताटलीत उभा करायचा, टोकाशी दोन मनुका डोळे म्हणून लावायच्या. झालं भूत! केळं लवकर काळं पडतं, म्हणून हे आयत्या वेळी करायचं. लहान संत्रं सोलून वरच्या खळगीत हिरव्या दांड्याचा तुकडा खोचला की झाला भोपळा. सफरचंदाच्या दोन फोडींमध्ये शेंगदाण्याचं लोणी भरून बदामाचे काप दातांसारखे लावले की राक्षसाचा जबडा. ढोबळी मिरचीला डोळे-तोंड कोरून आत भात किंवा कोशिंबीर भरतात. उकडलेल्या अंड्यावर काळ्या ऑलिव्हचे तुकडे लावून कोळी करतात. कोरलेल्या भोपळ्याच्या बियाही टाकत नाहीत. धुऊन, वाळवून, तेल-मीठ लावून भाजतात.

यात नवीन पदार्थ एकही नाही. तेच केळं, तेच संत्रं. पण मुलाने स्वतः डोळे लावलेलं भूत ते हसत हसत खातं.

दोन गोष्टींची मात्र काळजी घ्यायची. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे, बदाम, बिया, लाह्या किंवा अख्खं द्राक्ष देऊ नका. घशात अडकतं. द्राक्षाचे उभे चार भाग करा. दुसरी गोष्ट, काही मुलांना शेंगदाणा सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, कधी श्वास कोंडतो. अशा मुलांसाठी टेनेसी राज्यातल्या एका आईला युक्ती सुचली. खाऊऐवजी पेन्सिल, खेळणं देणाऱ्या घरासमोर निळसर हिरवा रंगवलेला भोपळा ठेवायचा, म्हणजे तिथे जायला त्या मुलाला भीती नाही. २०१४ पासून ही रीत अमेरिकाभर पसरली.

मैत्रिणींनो, हे ऐकताना तुम्हाला आपली खिरापत आठवली का? नवरात्रात पाटावर हत्ती काढून भोंडला खेळायचा, गाणी संपली की झाकलेला डबा हलवून आत काय ते ओळखायचं. विदर्भात भुलाबाईचा खाऊही असाच ओळखायचा. डब्यात असायचं काय? उसळ, लाडू, वाटली डाळ, भोपळ्याचे घारगे. घरचंच अन्न, पण ओळखायच्या खेळाने त्याची गोडी वाढायची. आज तीच पोरं शाळा सुटली की दुकानासमोर पाकिटासाठी हटून बसतात. पाकीट दिसतं रंगीत, वाजतं छान. घरच्या डब्याची मजा आपण काढून घेतली, ती पाकिटाने उचलली.

तेव्हा आजी, काळजी करू नका. नातवाला भूत होऊ द्या. लेकीला एवढंच सांगा, बादली घेऊन निघण्याआधी त्याच्याच हातून केळ्याचं भूत करून घे आणि दोघं मिळून खा. व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्याला घारगे दाखवा. भोपळा त्याच्या ओळखीचाच आहे!

आणि बाकीच्यांनी गटाच्या पुढच्या बैठकीला एकेक झाकलेला डबा आणा. मुलांनाही बोलवा. कोणाच्या डब्यात काय, ते त्यांनाच ओळखू द्या. मुलांनी कोणता डबा आधी संपवला, ते आम्हाला फोन करून सांगा. वाट बघतोय. नमस्कार!