नातवाला न्हाऊ घालताना

हा विषय चारचौघांत काढू नये असं आपल्याकडे मानतात. पण आम्ही सारं आयुष्य नर्सचं काम केलं, आता लाजून कसं चालेल?

इथल्या एका इस्पितळात आमच्या वॉर्डात दोन वर्षांचा मुलगा आला होता. त्याचं एका बाजूचं वृषण, म्हणजे पिशवीतली गोळी, मोठी नि कठीण झालेली. आजीच्या हाताला ती महिनाभर आधीच लागली होती. पण पोर रडत नाही, दुखत नाही, म्हणून ‘पाणी उतरलं असेल’ असं समजून ती गप्प बसली. अहो, न दुखणं हीच तर या गाठीची खूण!

पिशवीत नुसतं पाणी असलं तर टॉर्चचा उजेड आरपार दिसतो, भरीव गाठीतून जात नाही. पण घरी टॉर्च लावून निश्चिंत होऊ नका. गाठीभोवतीही कधी पाणी साठतं. म्हणून डॉक्टर अल्ट्रासाउंड करतात आणि रक्तात एएफपी तपासतात. ‘योक सॅक’ नावाच्या कॅन्सरात ते बहुधा खूप वाढतं. तान्ह्या बाळांत मात्र ते मुळातच जास्त असतं, तेव्हा नुसता आकडा बघून घाबरू नये.

ऑपरेशन जांघेतून करतात, पिशवीला चिरा देत नाहीत, सुईही टोचत नाहीत. कॅन्सर असलाच तर तो पसरू नये म्हणून. लहान मुलांत पुष्कळ गाठी साध्या निघतात. टेराटोमा असला तर बहुधा तेवढीच गाठ काढून गोळी वाचवता येते. आमच्या त्या मुलाला योक सॅक होता, गोळी काढावी लागली. रोग बाहेर गेला नव्हता, म्हणून किमो दिली नाही; नुसत्या वरचेवर तपासण्या. पसरलेल्या रोगावर सिस्प्लॅटिन हे औषध १९७०च्या दशकापासून आहे, त्यानंही बहुतेक मुलं बरी होतात.

आजीचा पहिला प्रश्न काय? ‘याला पुढे मुलं होतील का?’ दुसरी गोळी चांगली असली तर सहसा होतात, हे ऐकून ती रडलीच.

बाळाची गोळी सहा महिन्यांनंतरही खाली उतरली नसेल, तर तिपत हलावमध्ये जरूर सांगा. अशा मुलांना पुढे या गाठीचा धोका थोडा जास्त असतो.

आणि मुलांनो, तिथं काही वेगळं लागलं तर आईला किंवा आजीला सांगायचं, कोणी रागावणार नाही. एकाएकी जोरात दुखू लागलं तर ती गाठ नव्हे, बहुधा पीळ पडलेला असतो. मग रात्र असो की शब्बाथ, सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं पाहिजे, म्हणून लगेच इस्पितळ गाठायचं.