अंधारबनची एक दिवसाची सफर : गाइडच्या भरवशावर जाताना काय बघून घ्यावं?

पाऊस सुरू झाला की नेहरूनगर, चिखली, आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच धाटणीचे मेसेज फिरू लागतात. एक दिवसाचा जंगल ट्रेक, सोबत गाइड, नाश्ता, जेवण, येणं-जाणं बसने. मुलं हट्ट धरतात. आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर मात्र भुशी धरण येतं, आणि ते साहजिकच आहे. 30 जून 2024 च्या रविवारी तिथल्या धबधब्यात हडपसर भागातल्या एका मुस्लिम कुटुंबातली एक महिला आणि चार मुलं वाहून गेली. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 ला, तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

या दोन्ही ठिकाणी लोक फिरायलाच गेले होते. ट्रेकची तयारी नाही, सोबत वाटाड्या नाही, घरच्यांबरोबर पाण्याजवळ थोडा वेळ घालवायचा एवढंच. म्हणून ‘ट्रेक धोक्याचा, धबधबा बिनधोक’ हा आपल्याकडचा समज आम्हाला उलटा वाटतो. नीट नेलेला ट्रेक बऱ्याचदा जास्त सुरक्षित असतो. अट एकच, तो खरोखर नीट नेलेला हवा.

आपल्या पट्ट्यातून सगळ्यात जास्त गट जातात त्यातली एक वाट म्हणजे अंधारबन. गंमत अशी की ती सुरू होते ती पिंपरीतूनच! ही पिंपरी वेगळी, मुळशी तालुक्यातली, ताम्हिणीच्या अंगाला असलेलं छोटं गाव. तिथून वाट जंगलात शिरते, कुंडलिकेच्या दरीच्या कडेकडेने हिर्डी गावापर्यंत जाते आणि खाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला उतरते. अंतर 13-14 किलोमीटर, वेळ पाच ते सहा तास. बरीचशी वाट उताराची आहे. उतार म्हणजे सोपं असं मात्र नाही, गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा उतारच जास्त छळतो.

या जंगलाला जाहिरातीत ‘रेनफॉरेस्ट’ म्हणतात. खऱ्या वर्षावनात जवळजवळ वर्षभर पाऊस असतो. सह्याद्रीत तो चार महिन्यांत कोसळून जातो आणि उरलेले आठ महिने कोरडे, त्यामुळे आपल्याकडे बहुतेक निमसदाहरित जंगल आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा अशी झाडं एकमेकांत इतकी दाटलेली की भरदुपारी ऊन खाली पोचत नाही. नाव त्यावरूनच पडलं. आणि पाऊस किती? 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत एका दिवसात 556 मिलिमीटर नोंदला गेला. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यातही फारसा याहून जास्त पडत नाही.

धोका नेमका इथेच आहे. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस थांबलेला असतो, पण वरच्या डोंगरावर तो पडतच असतो आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येतं. घोट्याच्या वर आलेलं वेगाचं पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलतं. खाली शेवाळलेला दगड असेल तर विचारायलाच नको. पाणी एकदम गढूळ झालं, त्यातून काड्या-पाला वाहत यायला लागला की त्याच क्षणी बाहेर पडायचं. सेल्फी राहू द्या. चांगला गाइड इथे ओळखू येतो. तो आधी स्वतः पाण्यात उतरतो, दोर लावतो, एकेकाला पार करतो. आणि पाणी जास्त वाटलं तर सगळ्यांना मागे फिरवतो. पैसे भरलेत म्हणून पुढे चला, असं म्हणणारा गाइड आपल्या कामाचा नाही.

पैसे भरायच्या आधीच काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, किती माणसांमागे किती गाइड, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला आहे, दोर कुठले, पाऊस वाढला तर सहल रद्द करून पैसे परत देणार का? जोरदार पावसात प्रशासन ताम्हिणीकडच्या वाटा बंद करतं, तेव्हा आदल्या दिवशी वाट उघडी आहे याची खात्री स्वतः करावी. जंगलात मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नये. परतीची वेळ घरी सांगून निघा.

गुरुवार जमत असेल तर गुरुवार धरा. भोसरी-पिंपरीकडच्या अनेक कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते आणि रविवारची झुंबड टळते. मुलांची शाळा बुडते, ही अडचण आहेच.

घरच्या बायका-मुलींना नेताना पायघोळ बुरखा ओला झाला की पायात अडकतो. गुडघ्याखाली येणारा सैल कुर्ता, ट्रॅक पँट आणि पिन लावलेला स्कार्फ यात पडदाही राहतो आणि चालताही येतं. जोहरची नमाज जेवणाच्या थांब्यावर सहज होते, फक्त आयोजकाला आधी सांगून ठेवा, म्हणजे घाई होत नाही. हलालचा प्रश्न असेल तर शाकाहारी जेवण सांगावं, नाहीतर डबा न्यावा.

काही गट कोलाडचं राफ्टिंगही करवतात. त्याची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. मुळशी धरणाचं पाणी बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघरात पडतं, वीज करून पुढे कुंडलिकेत सुटतं. हे पाणी सकाळी सुटतं आणि त्यावरच राफ्ट चालतात, म्हणून कोलाडला उन्हाळ्यातही राफ्टिंग होतं. लाइफ जॅकेट, हेल्मेट सक्तीचं. साधारण 14 वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. अंधारबन आणि राफ्टिंग एकाच दिवसात बसवणारं पॅकेज दिसलं तर आम्ही तरी ते टाळू. पाच-सहा तास चालून थकलेलं माणूस पाण्यात उतरवणं बरं नव्हे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एक अडचण : गाडी वर पिंपरीत राहते आणि तुम्ही खाली भिऱ्यात पोचता. मध्ये अख्खा ताम्हिणी घाट. गटाची बस भिऱ्यात येऊन थांबलेली असते, तशी सोय आधी केली नसेल तर संध्याकाळी भिऱ्यात गाडी शोधत बसावं लागतं.