आघाडीवीराचा हिशेब

हॉकीतील आघाडीवीराची योग्यता लोक त्याच्या गोलांवरून ठरवितात. परंतु त्या गोलांपूर्वी दोन-तीन बचावकांना आपल्या अंगावर ओढून घेऊन सहकाऱ्याची वाट कोणी मोकळी केली, याची नोंद बहुधा कोणत्याच दप्तरी राहत नाही. धनराज पिल्ले यांच्या 1989 ते 2004 या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचे मोल जाणायचे, तर या राहून गेलेल्या नोंदीपासूनच आरंभ केला पाहिजे.

त्यांचा जन्म 16 जुलै 1968 रोजी पुण्याजवळच्या खडकीत, एका तमिळ कुटुंबात झाला. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत त्यांचे बालपण गेले. घरची परिस्थिती बेताची, नवी काठी विकत घेण्याची ऐपत नाही. म्हणून कोणाच्या मोडक्या काठ्या मिळतील त्या सुतळीने आवळून ही भावंडे खेळत. मोठे बंधू रमेश हॉकीमुळेच मुंबईस गेले, त्यांच्या पाठोपाठ धनराजही गेले, आणि महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या देखरेखीखाली त्यांच्या उपजत वेगाला शिस्त लाभली.

हॉकीच्या काठीची डावीकडची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू मुख्यतः तिनेच खेळावा लागतो. उजवीकडे वळताना मनगट फिरवून काठी उलटी करावी लागते. ही मनगटाची विद्या भारतीयांनी गवताच्या मैदानावर सिद्ध केली होती. 1976च्या माँट्रिअल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आले, चेंडूचा वेग वाढला, आणि धावण्याच्या दमाला व जोरकस फटक्याला असे महत्त्व प्राप्त झाले की, जुने कौशल्य आता निरुपयोगी ठरले, असा निर्वाळा अनेकांनी देऊन टाकला. पिल्ले यांनी भरधाव वेगात चेंडू काठीला जणू बांधून नेत तो निर्वाळा खोटा ठरविला, आणि हीच त्यांची खरी कामगिरी होय.

चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडास्पर्धा आणि चार चॅम्पियन्स करंडक ते खेळले. 1998 साली बँकॉक येथे त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनंतर आशियाई सुवर्णपदक मिळविले; तथापि त्यानंतर लवकरच विश्रांतीच्या नावाखाली त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. खेलरत्न व पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले, पण ऑलिंपिक पदकाने मात्र हुलकावणीच दिली. 2000 साली सिडनीत पोलंडने अखेरच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली आणि भारताची उपांत्य फेरी हुकली. 2004 साली अथेन्समध्ये तर त्यांना फार वेळ राखीव खेळाडूंतच बसावे लागले.

आमच्या सिंधुदुर्गात कृत्रिम मैदाने दुर्मीळच. येथील मुले जांभ्याच्या सड्यावर आणि ओहोटीच्या ओल्या पुळणीवर खेळतात, आणि खेळून पोट भरते काय, हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न त्यांच्या पाठीशी सदैव उभा असतो. पिल्ले यांच्या चरित्राने त्या प्रश्नाचे उत्तर अंशतः दिले आहे, कारण खेळानेच त्यांना नोकरी दिली आणि लौकिकही दिला. पण उरलेले उत्तर समाजाने द्यावयाचे आहे. साधनांच्या अभावी गुण फुलतो, ही समजूत सोयीची असली तरी खोटी आहे. खडकीचा मुलगा पुढे गेला तो वसाहतीतल्या मैदानामुळे, वाट दाखविणाऱ्या भावामुळे आणि वेळेवर भेटलेल्या मार्गदर्शकामुळे. एवढी तजवीज आमच्या तालुक्या-तालुक्यांत करणे, हे अशा खेळाडूच्या सत्काराहून अधिक निकडीचे कर्तव्य आहे.