उरेब

फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला मादलेन व्हिओने यांच्यावर आमचा एक अख्खा दिवस गेला. बाईंनी फळ्यावर एक चौकोन काढला, त्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात रेघ मारली आणि म्हणाल्या, "या एका रेघेनं विसाव्या शतकातलं स्त्रीचं शरीर मोकळं केलं." मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. घरी येऊन आजीला चौकोन आणि रेघ दाखवली. तिनं चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "अगं, ही तर उरेब. ब्लाऊजच्या गळ्याला पट्टी लावतो ती उरेबच असते. यासाठी फी भरतेस?"

माझ्या प्रबंधाची सुरुवात ही अशी झाली. विषय पुढे बराच बदलला, पण आजीचा प्रश्न काही गेला नाही.

उरेब म्हणजे काय, ते शिवणकाम न केलेल्यांसाठी आधी सांगते. मागावर कापड विणताना धागा उभा असतो आणि आडवा असतो. या दोन्ही दिशांनी कापड ओढलं तर ते फारसं ताणत नाही. तेच कापड कोपऱ्यांत धरून तिरकं ओढा. ते रबरासारखं लांबतं आणि सोडलं की बरंचसं पूर्ववत होतं. धागा तोच असतो; फक्त चौकटीचा शंकरपाळा होतो. एखाद्या कपड्याचे भाग असे पंचेचाळीस अंशांत तिरके कापले की कापड अंगावर ओघळतं, वळणांवरून वळतं, आणि टक्स न घालताही बेतात बसतं. त्याची किंमतही असते. तिरकं कापलं की कापड जास्त लागतं आणि कोपरे वाया जातात. शिवलेला कपडा रात्रभर टांगून ठेवावा लागतो, कारण तो स्वतःच्या वजनानं लांबतो. घाईनं खालची पट्टी दुमडली की दुसऱ्या दिवशी घेर लाटेसारखा खालीवर झालेला असतो. माझा पहिला नमुना असाच झाला.

व्हिओने यांचा जन्म १८७६चा. अगदी कोवळ्या वयात त्या शिवणाच्या कारखान्यात लागल्या, काही वर्षं लंडनमध्ये काम केलं, पॅरिसला परतून मोठ्या घराण्यांत शिकल्या आणि १९१२ साली स्वतःचं फॅशनघर उघडलं. ते १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर बंद झालं. त्या कागदावर चित्र काढून डिझाइन करत नसत. लाकडाच्या लहानशा बाहुलीवर कापड गुंडाळून, टाचण्या लावून, कापून बघत, आणि जमलं की माणसाच्या मापात मोठं करत. कॉर्सेट घालणाऱ्या शरीरावर कापड ताठ उभं राहत असे. त्यांनी ते शरीरावर सोडून दिलं. त्यांच्याआधीही युरोपात तिरका काप होता, पण तो पट्ट्यांपुरता आणि घागऱ्याच्या एखाद्या भागापुरता. अख्खा पोशाख तिरक्या धाग्यावर उभा करणं हे व्हिओने यांचं काम, आणि ते काम थोर आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बेटी कर्क यांनी त्यांच्या कपड्यांवरून परत काढलेले आराखडे मी मापून कापले आहेत. एका पोशाखाचा काप मला तीन दिवस कळला नव्हता.

पण आजीच्या "उरेब"चं काय? मी शब्दाच्या मागे लागले आणि पोहोचले ते आमच्या भागातल्या एका कटिंग मास्तरांकडे. सत्तरी ओलांडलेले, दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यांना विचारलं, "मास्तर, तुम्ही उरेब कुठे वापरता?" ते म्हणाले, "ताई, चुडीदारात. आणखी कुठे?"

मास्तरांनी त्या दिवशी जे दाखवलं, ते मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलं नव्हतं. चुडीदार पायजमा पोटरीवर कातडीसारखा बसतो, आणि तरीही त्यात मांडी घालून बसता येतं, जिना चढता येतो. हे फक्त तिरक्या धाग्यामुळे होतं. पायाच्या लांबीपेक्षा तो मुद्दाम जास्त ठेवतात आणि उरलेलं कापड घोट्यावर बांगड्यांसारखं जमा होतं, नाव त्यावरूनच. इथवर मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हती ती थैली. मास्तर कापड आधी कापत नाहीत, आधी शिवतात. कापडाचं टोक तिरकं दुमडायचं आणि काठाला काठ जोडत टीप मारायची. ती टीप सरळ खाली न येता पिळासारखी फिरत जाते. शेवटी हातात एक उभट पिशवी येते. ती पिशवी पाटावर सपाट पसरली की तिच्यातले उभे आणि आडवे, दोन्ही धागे तिरके झालेले असतात. मग तिच्यावर पायजम्याचे पाय एक सुलट, एक उलट असे आखायचे: एकाची रुंद मांडी दुसऱ्याच्या अरुंद मोहरीशेजारी. कापल्यावर खाली पडलेल्या चिंध्या मास्तरांच्या एका मुठीत मावल्या.

घरात जुना, चांगल्या हातचा चुडीदार असेल तर उलटा करून बघा. मांडीवरून किंवा पोटरीवरून तिरका उतरणारा एक जोड दिसेल. पुष्कळांना तो कापड कमी पडल्यामुळे दिलेला जोड वाटतो. तो त्या थैलीचा काठ असतो.

घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: पन्हा. व्हिओने यांनाही तिरक्या कापाची हीच अडचण होती, की कापडाची रुंदी पुरत नाही. त्यांनी ती कशी सोडवली? कापड विणणाऱ्यांकडून नेहमीपेक्षा खूप जास्त पन्ह्याचं क्रेप खास विणून घेतलं. आपल्याकडचा हातमागाचा पन्हा विणकराच्या हातांच्या पल्ल्यानं बांधलेला. शिंप्याला रुंद कापड मागवायची सोय नव्हती, म्हणून त्यानं अरुंद कापडच वळवून रुंद करून घेतलं. हा माझा तर्क आहे, पण थैली हातानं शिवून बघितल्यावर दुसरं कारण मला सुचत नाही. मुघल आणि राजपूत लघुचित्रांत घोट्याशी चुण्या पडलेले घट्ट पायजमे दिसतात. ते असेच बेतले असतील तर ही युक्ती पॅरिसच्या बाहुलीपेक्षा बरीच जुनी ठरते. "आमच्याकडे सगळं आधीच होतं" या थाटात मला हे म्हणायचं नाही. तो थाट मला आवडत नाही. दोन ठिकाणच्या दोन कारागिरांना कापडाचा एकच स्वभाव कळला आणि दोघांनी आपापल्या सोयीनं तो वापरला, एवढंच मला दिसतं.

चुडीदारापासून मी पोहोचले १९६५ सालापाशी. त्या वर्षी यश चोप्रांचा 'वक्त' आला आणि त्यात साधना अंगाबरोबर बसणाऱ्या कुर्त्यात आणि चुडीदारात दिसली. त्याआधी आपल्याकडे हा पोशाख कॉलेजच्या मुलींनी घालायचा "पंजाबी ड्रेस" होता; 'वक्त'नंतर तो झोकदार झाला. आजी तेव्हा नुकतं लग्न होऊन शहरात आली होती. तिनं तो कधीच घातला नाही, पण शेजारच्या मुलींना शिवून दिला. "कुर्ता इतका आवळ मागायच्या, की बसमध्ये पाय वर टाकता येईना. मी बाजूचा चिरा गुपचूप दोन बोटं वर घ्यायचे," असं ती सांगते. त्या काळात असे बदल गावोगावच्या कितीतरी शिवणयंत्रांवर झाले असणार. ट्रेंड म्हणतो तो पडद्यावर एकदा घडतो आणि मग असा घरोघरी दोन-दोन बोटांनी दुरुस्त होत जातो.

'वक्त'चे कपडे भानू अथय्या यांचे. आपल्याकडे त्यांचं नाव 'गांधी' आणि ऑस्करपाशी सुरू होऊन तिथेच संपतं, म्हणून थोडं मागे जाते. माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये, जन्म १९२९, कोल्हापूर. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते लवकर गेले. भानुमती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, सुवर्णपदक मिळवलं, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. पोटापाण्यासाठी 'ईव्ह्ज वीकली'साठी फॅशनची रेखाटनं करू लागल्या, आणि संपादिकेनं बुटीक काढल्यावर तिथे कपडे करू लागल्या. तिथून नर्गिस, राज कपूर, 'श्री ४२०' असा प्रवास. म्हणजे कपड्यांपर्यंत त्या शिवणातून आल्या नाहीत, रेषेतून आल्या. व्हिओने यांच्या अगदी उलट.

'वक्त'च्या पुढच्याच वर्षीच्या 'आम्रपाली'साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला होता. चित्रकाराची नजर असलेली डिझाइनर भिंतीवरून नेमकं काय उचलते, हे मला बघायचं होतं, म्हणून मी अजिंठ्याला गेले. फर्दापूरच्या फाट्यावर उतरून लेण्यांच्या बसमध्ये बसले, तेव्हा पिशवीत वही, पेन्सिली आणि 'आम्रपाली'तल्या वैजयंतीमालाची छापून घेतलेली काही चित्रं होती. लेण्यांत उजेड बेताचा. पहिल्या आणि सतराव्या लेण्यात मी दोन दिवस मिळून सहा-सात तास काढले असतील. पहारेकऱ्यांना माझा संशय आला असावा, कारण बाकीचे लोक चेहरे बघत होते आणि मी कमरेखाली बघत होते.

मला पट्टे हवे होते. अजिंठ्याच्या माणसांची अधोवस्त्रं बरीचशी पट्ट्यापट्ट्यांची आहेत, आणि पट्टा म्हणजे धाग्याची दिशा. चित्रकारानं पट्टा जसा वळवला, तसं ते कापड अंगावर असणार. पद्मपाणीच्या वस्त्रापासून सुरुवात करून मी एकामागून एक आकृती वहीत उतरवली. मी पाहिलेल्या वस्त्रांत पट्टे मांडीभोवती आडवे फिरतात, कमरेशी गाठीकडे ओढले जातात. ते न शिवलेलं, गुंडाळलेलं कापड. मांडीची गोलाई दिसते ती कापड तलम म्हणून आणि चित्रकाराचा हात तसा म्हणून. तिथे कुणी शिंपी नाही.

मग पिशवीतली चित्रं काढली आणि फरक लख्ख दिसला. भिंतीवरच्या स्त्रीला हलायचं नाही. वैजयंतीमालेला नाचायचं होतं, गिरकी घ्यायची होती, तेही कॅमेऱ्यासमोर पुनःपुन्हा, प्रत्येक वेळी निरी तिथल्या तिथे ठेवून. नुसतं गुंडाळलेलं वस्त्र हे करू शकत नाही. म्हणजे भानू अथय्यांनी अजिंठ्याची रेषा घेतली असेल, पण ती टिकवायला आतून टाके, हूक, पट्ट्या घालाव्या लागल्या असणार, आणि बाहेरून ते न शिवलेलं दिसावं लागलं असणार. दोन वर्षांनी, १९६८च्या 'ब्रह्मचारी'त त्यांनी हेच उघडपणे केलं. शम्मी कपूरबरोबर नाचणाऱ्या मुमताजची ती नारिंगी साडी नेसायची नव्हतीच. ती आधीच बेतून शिवलेली होती आणि तिला चेन होती. आज लग्नसराईत "रेडिमेड साडी" घेणाऱ्या बायकांना हे सांगितलं तर हसतील.

"असणार" हा शब्द मी दोनदा लिहिला, तो नाइलाजानं. 'आम्रपाली'चा एकही पोशाख उलटा करून बघायची संधी मला मिळाली नाही. पडद्यावरचं चित्र थांबवून, मोठं करून, सुरकुत्यांवरून टाक्यांचा अंदाज बांधत मी 'वक्त'चा कुर्ता पाच वेळा कापला. चित्रफीत जपली म्हणजे कापड जपलं असं होत नाही. व्हिओने यांनी प्रत्येक पोशाखाचे पुढून, बाजूनं, मागून फोटो काढून वह्या केल्या होत्या, कारण त्यांना नकलांची चीड होती. कपड्याच्या लेबलवर तर त्या स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवत. १९५२ साली त्यांनी कपडे आणि वह्या संग्रहाला देऊन टाकल्या, म्हणून आज मी इथे बसून त्यांचा काप कापू शकते. आणि भानू अथय्यांनी २०१२ साली आपलं ऑस्कर अकादमीकडे अमेरिकेला परत पाठवलं, कारण आपल्यामागे ते इथे नीट राहील याचा त्यांना भरवसा नव्हता. तेव्हा वर्तमानपत्रांत हळहळ छापून आली. मला त्यात हळहळण्यासारखं कमी आणि लाज वाटण्यासारखं जास्त दिसतं. बाहुली तरी गेली आणि वाचली. सिनेमाचे कपडे उसवून, रंगवून, पुढच्या सिनेमात परत वापरायची इथली रीत. ते कुठे पाठवणार?

प्रबंध सादर केला तेव्हा परीक्षकांनी थैलीच्या प्रकरणावर बोट ठेवलं. "याला आधार काय?" मी मास्तरांचं नाव आणि तारखा दाखवल्या. त्यावर, हे "ऐकीव" आहे, छापील संदर्भ द्यावा किंवा प्रकरण परिशिष्टात टाकावं, असं सांगण्यात आलं. व्हिओने यांच्या प्रकरणाला कुणी काही विचारलं नाही. तिथे तळटिपा भरपूर होत्या. मी प्रकरण परिशिष्टात टाकलं. त्या दिवशी भांडले नाही, याचं आता वाईट वाटतं.

परीक्षा झाल्यावर परत मास्तरांकडे गेले, मापपट्टी आणि आलेखाचा कागद घेऊन. तीन दुपारी त्यांनी थैली शिवली, उसवली, परत शिवली, आणि प्रत्येक पायरीला मी थांबवून मापं लिहिली, पुढून आणि मागून फोटो काढले. आराखडा शाईनं पक्का करून त्यांना दाखवला. त्यांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ बघितला. मग माझ्याच पेन्सिलीनं पिळाचा बाण खोडून उलट्या दिशेनं काढला. "असं शिवलंत तर दोन्ही पाय डावेच निघतील, ताई," ते म्हणाले. मी खाली बसले आणि कागद नव्यानं काढायला घेतला.