नऊ जणांची एक फिल्म

मोबाइलवर व्हिडिओ एकटा माणूसही करू शकतो. मग दहा मिनिटांच्या शॉर्टफिल्मला नऊ माणसं कशाला लागतात? गेल्या हिवाळ्यात माझ्या मावसबहिणीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला मदतीला बोलावलं, तेव्हा मीही तिला हेच विचारलं होतं. उत्तर दोन दिवसांच्या शूटिंगमध्ये मिळालं.

शूटिंग वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आजीच्या जुन्या घरात होतं. मुख्य भूमिकाही आजीचीच. दिग्दर्शन बहिणीचं, तर कॅमेरा, लाइट, साउंड, वेळापत्रक, कपडे, चहा-जेवण अशी कामं बाकीच्यांनी वाटून घेतली होती. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या हातात वही देऊन कंटिन्युइटी सोपवली.

फिल्मचे शॉट गोष्टीच्या क्रमाने घेत नाहीत. एका बाजूचा लाइट लावला की त्या बाजूचे सगळे शॉट उरकतात. त्यामुळे पडद्यावर सलग दिसणाऱ्या दोन वाक्यांमध्ये प्रत्यक्षात तीन तासांचं अंतर असू शकतं. कप कोणत्या हातात होता, चहा किती उरला होता, पदर कुठे होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हे सगळं टिपून ठेवायचं आणि फोटो काढायचे. काम कंटाळवाणं वाटतं, पण चुकलं तर प्रेक्षकाला गोष्टीऐवजी कपच दिसतो.

क्लॅप का वाजवतात, हेही तिथेच कळलं. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या यंत्रांवर रेकॉर्ड होतात. पाटीची फळी मिटताना दिसते आणि तिचा ‘टक्‌’ ऐकू येतो, ते दोन क्षण एडिटर जुळवतो. पाटीवरच्या सीन, शॉट आणि टेकच्या आकड्यांमुळे ढीगभर फायलींतून हवी ती सापडते.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली. शेवटचा सीन होता. आजी परदेशी गेलेल्या मुलाचं पत्र वाचते, उठून खिडकीशी जाते आणि पाठमोरी उभी राहून एकच वाक्य बोलते. पहिल्याच टेकला तिचे डोळे भरून आले. बहीण ‘कट’ म्हणाली आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. यापेक्षा चांगला टेक मिळणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती.

तेवढ्यात हेडफोन लावून बसलेला मुलगा हळूच म्हणाला, ‘‘शेवटच्या वाक्यावर शेजारच्या कुकरची शिट्टी आली.’’

तो युनिटमध्ये सगळ्यात लहान, पहिल्या वर्षाचा. बाहेर उजेड कमी होत होता, आजी दमली होती. कॅमेरावाला म्हणाला, ‘‘नंतर डबिंग करू.’’ तो मुलगा मान खाली घालून पुन्हा म्हणाला, ‘‘बंद खोलीत त्यांचा आवाज असा लागणार नाही.’’

क्षणभर कोणीच बोललं नाही. मग आजीच म्हणाली, ‘‘अगं, ऐकायचं काम त्याला दिलंयस ना? मग त्याचं ऐक. परत करू या.’’

वेळापत्रक सांभाळणारी मुलगी धावत शेजारी गेली. काकींनी गॅस बंद केला आणि स्वतः दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना गप्प करू लागल्या. दुसऱ्या टेकला आजीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, पण वाक्य स्वच्छ मिळालं. त्यानंतर आम्ही सगळे अर्धा मिनिट श्वास रोखून उभे राहिलो. याला रूम टोन म्हणतात. रिकाम्या खोलीचाही आवाज असतो आणि एडिटिंगमध्ये जोड झाकायला तो लागतो.

फिल्ममध्ये आता चेहरा पहिल्या टेकचा आहे आणि वाक्य दुसऱ्या टेकचं. आजी पाठमोरी असल्याने ते जमलं. पदर, पत्र आणि उभं राहायची जागा दोन्ही वेळा तीच होती, म्हणून जोड कळत नाही. कोणा एकाने तो सीन वाचवला असं म्हणता येणार नाही.

ही गोष्ट जुनीच आहे. याच वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला. तेव्हा सरस्वतीबाई साऱ्या युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला छिद्रं पाडायच्या आणि ती डेव्हलप करायलाही मदत करायच्या. मुलगा भालचंद्र रोहिताश्व झाला होता. अलीकडचं उदाहरण म्हणजे पुण्याच्या एफटीआयआयमधला चिदानंद नाईक यांचा विद्यार्थी-चित्रपट. त्याला 2024 मध्ये कान महोत्सवात ‘ला सिनेफ’ विभागाचं पहिलं पारितोषिक मिळालं. सुमारे सोळा मिनिटांच्या या चित्रपटाचा कॅमेरा सूरज ठाकूर, संकलन मनोज व्ही. आणि ध्वनी अभिषेक कदम यांचा होता. शूटिंगला चारच दिवस मिळाले होते. इतक्या कमी वेळात प्रत्येकाला आपलं काम नेमकं ठाऊक असावंच लागतं.

आपल्या मंडळातल्या मुलांनी या सुट्टीत एखाद्या आजी-आजोबांची गोष्ट घेऊन फिल्म जरूर करावी. साधा फोन चालेल, पण वेगळा माइक मिळवा. कोण काय करणार, हे आदल्या दिवशी कागदावर लिहा. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आणि हेडफोन सगळ्यात लहान मुलाच्या कानावर असले, तरी तो ‘नाही’ म्हणाला की थांबा.