औंढा नागनाथ

महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध शैव तीर्थक्षेत्र व हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. ते हिंगोलीच्या नैर्ऋत्येस सु. २५ किमी. अंतरावर आहे. हिंगोली जिल्ह्याची निर्मिती १ मे १९९९ रोजी झाली. तत्पूर्वी हे गाव परभणी जिल्ह्यात मोडत असे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी नागेशाचे स्थान परंपरेने दारुकावनात सांगितले जाते व ते दारुकावन म्हणजे औंढ्याचा परिसर होय, अशी महाराष्ट्रातील श्रद्धा आहे. गुजरातमधील द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर या क्षेत्रांविषयीही असाच दावा केला जातो. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. तथापि मराठी वाङ्मयाच्या आणि समाजाच्या इतिहासात औंढ्याला जे स्थान लाभले, ते केवळ ज्योतिर्लिंगामुळे नव्हे, तर संत नामदेवांच्या (१२७०–१३५०) चरित्राशी निगडित असलेल्या दोन आख्यायिकांमुळे.

नागनाथाचे मंदिर यादवकालीन असून ते हेमाडपंती शैलीत मोडते. ही शैली यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाने ओळखली जाते. चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत बसवून केलेले बांधकाम हे तिचे प्रमुख लक्षण. मंदिराच्या बाह्यभिंतींवर हत्तींचे थर, देवदेवता व सुरसुंदरी यांची विपुल शिल्पे आहेत. वरचा भाग मात्र उत्तरकालीन आहे. खालचा कोरीव पाषाण आणि वरचे साधे, गिलावा केलेले बांधकाम यांतील फरक पाहताक्षणीच ध्यानात येतो. मंदिराच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते. मूळ लिंग भूमिगत गाभाऱ्यात असून तेथे अरुंद पायऱ्यांनी उतरावे लागते. शिवालयात नंदी लिंगाच्या सन्मुख असावा असा संकेत आहे. येथे मात्र तो मंदिराच्या मागील बाजूस आहे.

याच जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नर्सी बामणी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांचा जन्म नर्सीस झाला की पंढरपुरास, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते शिंपी समाजातील दामाशेटी व गोणाई यांचे पुत्र व विठ्ठलाचे निस्सीम भक्त. परंपरा असे सांगते की, संतमेळ्यात गोरा कुंभारांनी त्यांना ‘कच्चे मडके’ ठरविले आणि गुरूच्या शोधात ते नागनाथाच्या देवळात आले. तेथे विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले त्यांना दिसले. नामदेवांनी आक्षेप घेताच, जेथे देव नाही तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सांगितले. नामदेव पाय उचलून जेथे जेथे ठेवीत, तेथे तेथे लिंग प्रकट होई. सगुण मूर्तीपुरती सीमित असलेली भक्ती येथे सर्वव्यापी ईश्वराच्या जाणिवेपर्यंत पोहोचली, असा या कथेचा आशय आहे.

दुसरी आख्यायिका मंदिर फिरल्याची होय. नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले असता पुजाऱ्यांनी त्यांना तेथून हटविले. ते देवळामागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देवालयानेच आपले तोंड त्यांच्याकडे वळविले. मागे असलेला नंदी ही त्याचीच खूण, असे मानले जाते. वास्तूची झालेली पुनर्बांधणी लक्षात घेता केवळ नंदीच्या स्थानावरून कथेची ऐतिहासिकता सिद्ध होत नाही. परंतु तिचे प्राचीनत्व लिखित पुराव्याने सिद्ध होते. इ. स. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील पदांत, हीन जातीचा म्हणून देवळातून उठविले गेल्याचे व देऊळ फिरल्याचे वर्णन येते. क्षेत्राचे नाव तेथे नाही. महिपतींच्या भक्तविजय (१७६२) या ग्रंथात ही घटना नागनाथाशी जोडलेली आहे.

संतकवी आणि देवालय यांचे असे नाते दक्षिणेत त्याआधी अनेक शतके दृढ झाले होते. तमिळनाडूत अप्पर, संबंधर (सातवे शतक) व सुंदरर (आठवे शतक) या शैव संतांनी गावोगावच्या शिवालयांवर पदे रचली. ती तेवारम् या नावाने संगृहीत असून त्यांत गायिलेल्या सु. २७५ शिवक्षेत्रांना विशेष प्रतिष्ठा आहे. वैष्णव आळवारांच्या चार हजार पद्यांच्या दिव्यप्रबंधामुळे १०८ ‘दिव्यदेश’ मान्यता पावले. क्षेत्राचे माहात्म्य तेथे पुराणाइतकेच गीतावर अधिष्ठित झाले. राजराज चोळाने तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात ही पदे गाण्यासाठी ५० गायक-वादकांची नेमणूक केल्याचे शिलालेखावरून कळते. मराठी संतांचा ओढा निराळा होता. नामदेवांच्या तीर्थावळीतील अभंगांत ज्ञानदेवांसह केलेल्या यात्रेचे वर्णन असले, तरी मन पुन्हा पंढरीकडेच धावते. त्यांचे अभंग देवळाच्या नित्योपचारांपेक्षा वाळवंटातील कीर्तनात व वारीत अधिक रुजले.

प्रवेशाचा प्रश्न मात्र दोन्हीकडे समान होता. सेक्किळारच्या पेरियपुराणात (बारावे शतक) ६३ नायन्मारांची चरित्रे आहेत. त्यांत नंदनार या अस्पृश्य मानलेल्या भक्ताला तिरुप्पुंगूर येथे बाहेरूनच दर्शन घ्यावे लागले, तेव्हा आड येणारा नंदी शिवाज्ञेने बाजूला सरला, अशी कथा आहे. उडुपीस कनकदासांसाठी कृष्णमूर्ती वळल्याची कथाही याच जातीची. या सर्व कथांत देव भक्ताच्या बाजूचा आहे. अडथळा देवाचा नाही, दारावरच्या माणसांचा आहे. परंतु कथेतील देव वळला तरी व्यवहारातील दार उघडले नाही. नामदेवांचे समकालीन चोखामेळा यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचा अंत झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपुरी महाद्वारासमोर समाधी बांधली, अशी परंपरा आहे; नामदेवांचीही पायरी त्याच महाद्वारी आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात उपोषण केले आणि त्यानंतर ते दार उघडले. चोखोबांच्या मृत्यूस तेव्हा सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती.

संतांच्या गीताला देवालयात जो मान मिळाला, तो गाणाऱ्या माणसाला मिळावयास शतके लागली. औंढ्याच्या दोन कथा एकत्र वाचल्या, तर त्यांचे मर्म ध्यानात येते. पहिली कथा देव कोठे नाही असे विचारते, तर दुसरी, देव सर्वत्र असेल तर देवळासमोर कोणी उभे राहावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न उभा करते. शिल्पसमृद्ध वास्तू म्हणून औंढ्याचे महत्त्व आहेच. पण मराठी मनात ते मंदिर फिरलेले मंदिर म्हणूनच राहिले आहे.